प्राग: सदस्य संख्या चार

दामलेबाईंनी आम्हाला प्राग शहर पहिल्यांदा दाखवलं ते अँटॉप हिलवर. रविवारी सकाळी साडेसात वाजता, सरकारी वसाहतीच्या चढावर. वर बोट करून त्या म्हणाल्या, "तो राजवाडा." वर पाण्याची टाकी होती. "तिकडचा चढ साधारण एवढाच आहे, मी नकाशावर बघितलाय. चला. चढताना बोलायचं नाही, दम जातो."

आम्ही चढलो. आम्ही म्हणजे तिघी. मी सुलभा, लालबागची कुंदा साळवी आणि दादरची विजया प्रधान. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात आमचा जन्म गेला आणि दामलेबाई आमच्या अधीक्षक होत्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी बाईंनी 'चला' म्हटलं की अजून आमचे पाय आपोआप उठतात. कुंदा, विजया निदान लांब राहायच्या. मी फणसवाडीत बाईंच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर त्यांच्या खालच्या मजल्यावर. मला सुटकाच नव्हती.

बाई सदुसष्ट वर्षांच्या. लग्न केलं नाही. आई होती, ती गेल्यापासून दोन खोल्यांत एकट्या. नोकरी सुटली पण कचेरीची भाषा सुटली नाही. दुधाच्या पिशवीला चिठ्ठी अडकवायच्या: 'सदर दूध काल नासले. योग्य ती नोंद घ्यावी.' दूधवाला बिहारचा. त्याने ती चिठ्ठी मला आणून दाखवली आणि विचारलं, दीदी, ये नोटीस है क्या? आणि उठता-बसता त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "गृहीत धरू नका." ऊन पडेल म्हणालात, गृहीत धरू नका. मुलगा परीक्षेत पास होईल म्हणालात, गृहीत धरू नका. माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांनी यजमानांचं अभिनंदन केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुढची पंचवीस मात्र गृहीत धरू नकोस."

अशा बाईंनी एक दिवस आम्हाला घरी बोलावून जाहीर केलं की आपण चौघी प्रागला जायचं. चार दिवस.

"प्रागच का, बाई?" विजयाने विचारलं. तिला पॅरिस हवं होतं.

"लहान आहे, जुनं आहे आणि चार दिवसांत पूर्ण होतं. पॅरिस पूर्ण होत नाही. अर्धवट बघून परत यायचं म्हणजे टेबलावर फायली ठेवून रिटायर व्हायचं."

बिल्डिंगमध्ये बातमी पसरली ती 'दामलेबाई प्रयागला चालल्या' अशी. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू पितळेची लोटी घेऊन वर आल्या. "गंगाजल आणा हो आमच्यासाठी." बाईंनी त्यांना उभं करून समजावलं, "प्रयागमधला 'य' काढा." काकूंनी काढून बघितला. पण खाली जाताना मला म्हणाल्या, "काहीही म्हण, पण या वयात देवाकडे मन लागलं ते बरं झालं."

मग फाइल निघाली. जाड पुठ्ठ्याची, नाडीची. वर लिहिलेलं: 'प्राग. चार दिवस. सदस्य संख्या चार.' आतली भाषा वाचून आम्हाला पुन्हा नोकरीला लागल्यासारखं वाटलं. 'सदर पुलावर तीस पुतळे आहेत. प्रत्येकासमोर उभे राहू नये. निवडक चार पाहावेत, उर्वरित पाहिले असे समजावे.' 'चौकातील जुन्या घड्याळासमोर तासाला पाच मिनिटे कमी असताना पोचावे. वरच्या खिडक्यांतून संत फिरतात व सांगाडा घंटा वाजवतो. हे सर्व मिनिटभरात आटोपते. "एवढंच?" असे कोणीही म्हणू नये.' एका पानावर तर ठळक अक्षरांत होतं: 'मेट्रो वापरायची नाही. ट्रामच.' विजया म्हणाली, बाई, मेट्रोने वेळ वाचेल. बाई म्हणाल्या, "मुद्दा निकाली निघालेला आहे."

आम्हाला प्रत्येकीला टाइप केलेली एकेक प्रत मिळाली. आणि त्याच आठवड्यात तालमी सुरू झाल्या.

तिकडचे रस्ते दगडांचे आहेत, म्हणून फणसवाडीत उखडलेल्या लाद्यांवरून चाकांच्या रिकाम्या बॅगा ओढायच्या. खडखड ऐकून लोक गॅलरीत यायचे. भाजीवाला विचारायचा, "मावशी, रोज जाता नि रोज परत येता, गाडी चुकते काय?" तिकडे पोळी मिळणार नाही, म्हणून रविवारी दुपारी थंड पाव, चीज आणि बिनमिठाचे उकडलेले बटाटे. कुंदा पदराआडून सुकटाची चटणी काढायची आणि बाईंची पाठ वळली की आमच्या बटाट्यावर टाकायची. अँटॉप हिलच्या तिसऱ्या फेरीला ती मध्येच फतकल मारून बसली. "मेलंय गो मी! माका नाय बघूचो तो राजवाडो. राजाक सांगा, तूच खाली ये." आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. घड्याळ बघून म्हणाल्या, "साडेतीन मिनिटं उशीर."

हे सगळं मी आता हसत सांगते. तेव्हा आम्हाला बाईंचा वीट आला होता, हे खरं आहे.

फाटलं ते कफ परेडच्या मच्छीमार नगरात. नदीकाठाने चालायची तालीम तिथे होती, समुद्राच्या कडेने. वेळ सकाळी आठची. मी आणि कुंदा वेळेवर. विजयाचा पत्ता नव्हता. आठ वाजून पाच मिनिटांनी बाई निघाल्या. थोडं पुढे गेलो तोच मागून विजयाची हाक आली. लांबवर ती हात हलवत होती.

"मागे बघायचं नाही," बाई म्हणाल्या. "ट्राम मागे बघत नाही."

आणि आम्ही दोघी बायका, एकीला नातवंडं, एकीला जावई, खरंच मागे न बघता चालत राहिलो. अर्ध्या तासाने परत आलो तेव्हा विजया बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांशेजारी एका पालथ्या खोक्यावर बसली होती. जाळी विणणाऱ्या कोळणींच्या देखत बाईंनी तिला मोठ्या आवाजात सुनावलं. "विजया, नोकरीत तुला उशिरासाठी तीन मेमो दिले. तेव्हा सुधारली नाहीस, आता तरी सुधार. तुझ्यामुळे तीन माणसांचं शहर बुडेल." मग ठरलेल्या बसने बाई निघून गेल्या.

विजया रडत होती. एक कोळीण तिला पाणी द्यायला आली आणि विचारू लागली, ती बाई तुमची सासू का? कुंदा बोंबलांचा भाव करत होती, पण तिचंही लक्ष नव्हतं.

पहिलं वाक्य माझं होतं. "आपण तिघीच गेलो तर?"

त्या दोघींच्या मनात तेच असणार. पण बोलले मी, आणि त्याला काही इलाज नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी बाईंकडे गेलो. कुंदाने सुनेचं बाळंतपण सांगितलं. सुनेला मूल होऊन तीन वर्षं झाली होती. विजयाने गुडघा सांगितला. मी यजमानांचा मोतीबिंदू सांगितला. बाईंनी वहीत एकाखाली एक लिहून घेतलं: बाळंतपण, गुडघा, मोतीबिंदू. पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "तिन्ही कारणं खरी आहेत असं गृहीत धरते."

आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर विजया म्हणाली, "सुटलो बाई."

आता लबाडीचा पुढचा भाग. टाइप केलेल्या प्रती आम्ही रागाच्या भरात रद्दीत घातल्या होत्या. ट्रॅव्हल एजंटने तिकिटं आणि हॉटेल करून दिलं, पण तिथे पोचल्यावर कुठे जायचं, कसं जायचं हे तिघींपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळं बाईंना ठाऊक होतं. म्हणून मी वर गेले आणि म्हटलं, "बाई, यजमानांचा भाचा प्रागला चाललाय. तुमची फाइल बघायला मिळेल का?"

बाई जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग कपाट उघडलं. टाइप केलेली एक कोरी प्रत वर होती, ती बाजूला ठेवली आणि खालून स्वतःची काढली. "ही ने. यात समासात पेन्सिलीने काही लिहिलंय. ते कामाचं आहे."

गिरगावात झेरॉक्स काढून दुसऱ्या दिवशी मी फाइल परत केली. समासात काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही.

ऑक्टोबरात निघालो. नागपूरला मामेबहिणीकडे लग्न आहे, असं मी बिल्डिंगमध्ये सांगितलं होतं. टॅक्सीत बॅग ठेवताना वर बघितलं तर बाई गॅलरीत. माझ्या हातात जाड जॅकेट होतं. ऑक्टोबरातलं नागपूर, आणि जॅकेट. बाईंनी वरून एवढंच विचारलं, "गोळ्या घेतल्यास का?" घेतल्या म्हटलं. टॅक्सी वळेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

प्रागचा पहिला दिवस आमच्या आयुष्यातला सगळ्यात उनाड दिवस. मुद्दाम उशिरा उठलो. कॉफी पीत दोन तास बसलो. चौकातल्या घड्याळासमोर उभं राहून संत बघितले, सांगाडा बघितला आणि मग तिघी एका सुरात मोठ्याने म्हणालो, "एवढंच?" मग विजयाने बाईंची नक्कल केली. पर्स काखेत, मान ताठ, एक बोट वर. "मुद्दा क्रमांक एक! हसू नये. मुद्दा क्रमांक दोन! फक्त सरकारी कामासाठी हसावे!" तो कर्कश आवाज तिने असा काढला की कुंदा त्या दगडी चौकात खाली बसली हसून हसून. एका परदेशी जोडप्याने आमचा फोटो काढला. त्यात आम्ही तिघी फार सुंदर दिसतोय.

दुसऱ्या दिवशी विजया म्हणाली, आज मेट्रोनेच जायचं. बाईंच्या नाकावर टिच्चून.

स्टेशनात शिरलो आणि समोर सरकता जिना. मुंबईतल्या मॉलमधला नव्हे. खाली, खाली, खाली जाणारा, तळ न दिसणारा, आणि आपल्याकडच्यापेक्षा दुप्पट वेगाने पळणारा. मला सरकत्या जिन्याची भीती वाटते. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. मॉलमध्ये मी काहीतरी बघत मागे रेंगाळते आणि लिफ्ट शोधते. तिथे मी पहिल्या पायरीपाशी थिजले. मागे माणसं खोळंबली. कोणीतरी त्यांच्या भाषेत खेकसलं. विजया-कुंदाने मला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि पुन्हा रस्त्यावर आणलं.

बाकावर बसवून कुंदाने पाणी दिलं. विजयाने दुसरा रस्ता शोधायला माझ्या पर्समधून झेरॉक्स काढला. 'मेट्रो वापरायची नाही' या ओळीच्या बाजूला समासात फिकट अक्षरं होती. तिने कागद उजेडात धरून वाचलं.

'मेट्रोचे जिने फार उंच व वेगवान. सु. ला जमणार नाही. ती सांगणार नाही.'

मग विजयाने पानं उलटायला सुरुवात केली. जिथे जिथे रस्ता ओलांडायचा होता, तिथे तिथे समासात एकच ओळ होती. 'वि. च्या उजव्या हाताला राहणे.' पहिल्यांदा मला अर्थ लागला नाही. विजयाच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा लागला.

"डाव्या कानाने मला ऐकू येत नाही," विजया म्हणाली. "दोन वर्षं झाली. घरी कोणाला माहीत नाही. डॉक्टरकडे एकटीच गेले होते." आणि जरा थांबून, "तालमीत त्या नेहमी माझ्या उजवीकडून चालायच्या. मला वाटायचं, लक्ष ठेवायला चालतात."

त्या दिवशी दुपारी पुलापलीकडच्या एका चर्चमध्ये जायचं फाइलीत लिहिलं होतं. तिथे बाळ येशूची दोनेक वीत उंचीची मूर्ती आहे. आपण बाळकृष्णाला कपडे घालतो तसे तिला जरीचे कपडे घालतात, सणावाराप्रमाणे बदलतात. टाइप केलेल्या मजकुरात वेळ दिली होती वीस मिनिटं. पेन्सिलीने ती खोडली होती. बाजूचं कुंदाने चर्चच्या दारात स्वतःच वाचलं.

'कुं. ला हवा तितका वेळ बसू द्यावे. बाकीच्यांनी बाहेर थांबावे. घाई करू नये. एकदा केली आहे.'

कुंदाचा पहिला मुलगा अडीच वर्षांचा असताना तापाने गेला. तीसेक वर्षं झाली. चौदाव्या दिवशी तिला कचेरीचं पत्र गेलं होतं की कामावर रुजू व्हावे. सही दामलेबाईंची होती. कुंदा आली, टेबलाशी बसली, टपालावर शिक्के मारले. त्यावर पुढे ना ती कधी बोलली, ना बाई.

"ह्या बाईच्या मनात इतकी वर्सां होता?" कुंदा एवढंच म्हणाली आणि आत गेली. पाऊण तास आली नाही. आम्ही दोघी बाहेर थंडीत उभ्या होतो. मी विजयाच्या उजव्या हाताला.

त्यानंतर कोणी नक्कल केली नाही. आम्ही ट्रामने फिरलो, फाइलीत लिहिलं होतं तसं. राजवाड्याकडे ट्राम जवळजवळ दारापर्यंत जाते, चढ चढावाच लागत नाही. हेही फाइलीत होतं. मग अँटॉप हिल कशासाठी होतं? विजया म्हणाली, कदाचित ट्राम बंद पडली तर म्हणून. कुंदा म्हणाली, "रविवारी आमका घराबाहेर काढूक, दुसरा काय?" मला वाटतं कुंदाचं बरोबर होतं.

समासात एका ठिकाणी 'शा.' असंही होतं, म्हणजे शालिनी दामले, आमच्या बाई. त्या नावापुढे चार दिवसांत एकच नोंद होती, शेवटच्या सकाळची. 'पूल. सकाळी सहा. शा. एकटी. इतरांना झोपू द्यावे.' आदल्या संध्याकाळी आम्ही ठरवलं की आपण तिघी सहाला जायचं आणि बाईंसाठी पुलावर उभं राहायचं. गजर लावला. सकाळी बाहेर पाऊस होता, अंग मोडून आलं होतं. गजर बंद केला आणि झोपलो. फाइलीत तसंच लिहिलं होतं.

परत आल्यावर चार दिवस मी वरचा जिना चढले नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी गेले. कुंदाने बाईंसाठी काचेच्या मण्यांची माळ घेतली होती, ती बरोबर होती. बाई जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्राच्या घड्या घालत होत्या. मी माळ पुढे ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं.

"तुझ्या यजमानांना भाऊ नाही, बहीण नाही," बाई म्हणाल्या. "भाचा कुठून येणार?"

मी खाली बसले. "मग फाइल का दिलीत?"

"पेन्सिलीचं त्या टाइप केलेल्या प्रतीत नव्हतं." त्यांना तो प्रश्नच मूर्खासारखा वाटला असावा. "जिन्याचं काय झालं?"

मी सगळं सांगितलं. जिना, कान, चर्च, ट्राम. पुलाचंही सांगितलं. आम्ही झोपलो, तेही. कुंदा चर्चमध्ये पाऊण तास बसली, तिथे फक्त त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग विचारलं, "तिथे माझ्याबद्दल काही बोललात?"

"हो."

"काय?"

खोटं बोलायचं ठरवून गेले असते तर जमलं असतं. "पहिल्या दिवशी विजयाने तुमची नक्कल केली. घड्याळासमोर. आम्ही खूप हसलो."

बाईंनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "करून दाखव."

"बाई, नको."

"दाखव. मी नव्हते ना तिथे."

मी उभी राहिले. पर्स नव्हती म्हणून वर्तमानपत्र काखेत धरलं, मान ताठ केली, बोट वर केलं आणि त्या छोट्या खोलीत तो आवाज काढला. मुद्दा क्रमांक एक, हसू नये. मुद्दा क्रमांक दोन. शेवटपर्यंत केलं. भिंतीवर आपटून तो आवाज माझ्याच कानावर आला तेव्हा कळलं, किती वाईट ते.

बाई लक्ष देऊन बघत होत्या. राग नव्हता. हसूही नव्हतं.

"एवढ्या मोठ्याने बोलते मी?"

मी काखेतलं वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं.

"घरात बोलायला कोणी नसतं," त्या म्हणाल्या. "दिवसदिवस आवाज वापरावा लागत नाही. मग बाहेर माणसं भेटली की किती मोठा लागतोय त्याचा अंदाज राहत नाही."

हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की ऐकायला मला खुर्ची पुढे ओढावी लागली.